काळजावरची साल

९ जानेवारी १९८९, सोमवार

नव्या डॉक्टरीणबाईंनी आज महीची मान बघण्यात इतका वेळ घालवला की मला वाटलं, यांना हृदय कुठे असतं ते तरी ठाऊक आहे का. नाव इशरत मुकादम. वय मी शाळेत शिकवलेल्या पहिल्या तुकडीतल्या मुलींएवढं. मुंबईला शिकून परत रत्नागिरीत दवाखाना काढला हे कौतुकाचंच. पण मी महीला तिथे नेलं ते फक्त लघवीच्या गोळ्यांची चिठ्ठी घ्यायला. आमचे जुने डॉक्टर मुलाकडे पुण्याला गेले, म्हणून.

त्यांनी महीला उशीला टेकवून अर्धवट बसवलं, तोंड खिडकीकडे. "मोठा श्वास घ्या. पुन्हा." मग मला जवळ बोलावलं. "बाई, ही शीर बघा. श्वास आत घेतला की ती बसायला हवी. यांची उलट फुगते."

मी म्हटलं, "त्याच्या हृदयाचा स्नायू कडक झालाय. चार वर्षांपूर्वी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय. उपाय नाही, जपायचं फक्त."

"स्नायू असेलही. पण लहानपणी यांना छातीत पाणी झालं होतं ना, टीबीचं? त्यानंतर कधीकधी हृदयावरचं आवरण जाड होतं आणि हृदयाला आवळत जातं. बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात. स्नायू असेल तर खरंच इलाज नाही. आवरण असेल तर ते ऑपरेशन करून काढता येतं."

"काढता येतं?" मही म्हणाला. त्याचा असा आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

रिक्षात मी चिठ्ठीच्या घड्या घालत बसले. राग आला होता. मही माझा एकुलता भाऊ, माझ्याहून बराच धाकटा. आई-वडील गेल्यावर मीच वाढवला. भागोजी तांडेलांच्या ट्रॉलरवर इंजिन ड्रायव्हर होता. मग पाय सुजायला लागले, पोट घागरीसारखं झालं, चार पावलांत धाप. आता पडवीत बसून जाळी विणतो. त्याचं पाणी मी मापाने देते, जेवण अळणी करते आणि त्याच्याबरोबर मीही तेच खाते. चार वर्षांत त्याला इस्पितळात ठेवायची वेळ आली नाही. जुने डॉक्टर म्हणायचे, "बाई, तुमच्या हातात आहे म्हणून टिकलाय." आणि ही मुलगी एका श्वासात सगळं मोडीत काढते!

१५ जानेवारी, रविवार

सोनूबाईंनी तिळाच्या वड्या पाठवल्या, राहीच्या हाती. सोनूबाई म्हणजे भागोजींची बायको. इथे मिऱ्यावर आमच्या मागच्याच अंगाला त्यांचं घर आहे. राही त्यांची मुलगी. महीशी तिचं लग्न ठरल्यात जमा होतं. आजार कळल्यावर महीनेच मोडलं, समजून उमजून. त्यानंतर तिला दोन स्थळं आली, तिने नाकारली. हट्टी आहे. आठवड्यातून एकदा येते, महीला सुयांमध्ये सूत भरून देते, तासभर बसते. कीव येत असेल बिचारीला.

आज मही तिला सांगत होता, "दोरखंड ओला असताना गाठ मारायची आणि उन्हात टाकायचा. सुकला की कशी आवळते? तसं झालं असंल माझं, डॉक्टरीण म्हणते."

"मग कापायची गाठ," राही म्हणाली.

"आधी बघायला तर हवी, गाठ हाय का दोरच कुजलाय."

दोघं हसली. हसण्यासारखं त्यात काय होतं? मी आत जाऊन पेज ढवळली.

४ फेब्रुवारी, शनिवार

शाळा सुटल्यावर एकटीच दवाखान्यात गेले. म्हटलं, सरळ विचारावं. एक्स-रेमध्ये काही दिसलेलं नाही, मग आणखी कुठे बघणार?

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मुंबईत नुकतंच एक मशीन आलं आहे, एमआरआय. मोठ्ठं चुंबक असतं, त्याच्या बोगद्यात माणसाला झोपवतात. हृदयाचे काप पाडल्यासारखी चित्रं निघतात आणि कापायचं मात्र काही नाही. आवरण जाड आहे का ते दिसतं. हृदय किती भरतं, किती रक्त पुढे ढकलतं, फुफ्फुसांभोवती पाणी किती साठलंय, सगळं. त्यांचे सर तिथेच आहेत. अजून हृदयासाठी ते मशीन फारसं वापरलेलं नाही, म्हणून त्यांनाही असे रुग्ण बघायचे आहेत.

"म्हणजे माझा भाऊ अभ्यासाला?"

"माझा भाऊ असता तरी मी हेच केलं असतं, बाई."

बोलायला सोपं. त्यांचा भाऊ दुबईत धडधाकट आहे.

महीला उताणं झोपता येत नाही. मी रोज तीन उशा लावते, चौथी पाठीशी. बोगद्यात उशा कोण लावणार?

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

मधल्या सुट्टीत दवाखान्यातला कंपाउंडर अयूब शाळेत आला. महीने होकार दिलेल्या मुंबईच्या तपासणीची तारीख मिळाली, आठ मार्च, बुधवार. "घरी जाऊन सांगणार होतो, पण तुमची शाळा वाटेत लागली."

मी म्हटलं, मी सांगते.

घरी आले तेव्हा मही छान झोपला होता. उठवून सांगण्यासारखं काय आहे? रात्री सांगणार होते, तर त्याला खोकला होता. उद्या.

२६ फेब्रुवारी, रविवार

अजून सांगितलेलं नाही. सांगणारच आहे. पण शांतपणे विचार केला तर या अवस्थेत एसटीने मुंबई म्हणजे दिवसभराचे धक्के. शिवाय माझ्या सातवीच्या मुलींची परीक्षा तोंडावर. आणि समजा गेलो, बघितलं, आणि स्नायूच निघाला तर? आज तो निदान पडवीत बसून गाणं गुणगुणतो. तेही थांबेल. उन्हाळ्याच्या सुट्टीतली तारीख मागून घ्यावी. चार वर्षं थांबलो, दोन महिन्यांनी काय होणार?

मी त्याच्या भल्याचाच विचार करते आहे. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर.

३ मार्च, शुक्रवार

शाळेतून आले तर पडवीत राही आणि मही. राही उभी होती. बाजारात तिला अयूब भेटला म्हणे, आणि त्याने विचारलं, मुंबईला कधी निघताय?

"अक्का, तारीख आलीय?" मही म्हणाला.

"आलीय. मी सांगणार होते."

"कधी?"

मी परीक्षेचं सांगितलं, प्रवासाचं सांगितलं. माझं बोलणं मलाच वर्गात मुलींच्या सबबी ऐकल्यासारखं वाटत होतं. राहीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि निघून गेली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग मही म्हणाला, हळूच, धाप लागू नये म्हणून थांबत थांबत, "तू मला चार वर्षं जपलंस गो. दुसऱ्या कोणी जपलं नसतं. पण कशासाठी जपतेस, ते तरी मला सांग. जाळी विणायला?"

"जिवंत आहेस ना?"

"हाय. तेवढंच हाय."

त्याने भागोजींना निरोप धाडला, माझ्याबरोबर मुंबईला चला म्हणून. मला वगळून. मी बॅग भरली आणि त्याच्यासमोर नेऊन ठेवली, माझ्या दोन साड्यांसकट. त्याने साड्या बाहेर काढल्या नाहीत. 

८ मार्च, बुधवार. मुंबई, मामेबहिणीच्या घरी, भांडुप

खूप रात्र झालीय. तरी लिहून काढते, नाहीतर झोप येणार नाही.

खोली थंडगार. आत जाण्याआधी महीला खूप प्रश्न विचारले. अंगात कुठे लोखंड आहे का, इंजिनावर काम करताना डोळ्यात कधी कीस गेला होता का. गेला होता, एकदा. मग आधी डोळ्यांचा एक्स-रे. काही नव्हतं. ताईत काढायला लावला. छातीला चिकटपट्ट्या आणि वायरी लावल्या. हृदयाच्या ठोक्याला धरून चित्र घ्यायचं, म्हणजे ते हलून फिसकटत नाही, असं तिथल्या तंत्रज्ञाने समजावलं. सभ्य माणूस होता.

महीला आडवं केलं आणि फळी आत सरकवली. थोडा वेळ गेला आणि त्याने हातातला रबरी फुगा दाबला. बाहेर काढलं तर ओठ निळसर, कपाळावर घाम. "जीव कोंडतो," म्हणाला. एक उशी देऊन पुन्हा आत घातलं. पुन्हा फुगा. तंत्रज्ञ म्हणाला, "असं असेल तर आज जमणार नाही. हलून चालत नाही."

खोटं कशाला लिहू? मला सुटल्यासारखं वाटलं. मी त्याचे कपडे हातात घेतलेसुद्धा.

मही बसून धापा टाकत होता. भागोजी दाराबाहेर होते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अक्का, तू आत ये. पायाशी उभी राहा. तू बोलत राहिलीस तर मी पडून राहीन."

"काय बोलू?"

"काय पण. वर्गात बोलतेस तसं."

मी नाही म्हटलं असतं तर तो उठला असता आणि आम्ही संध्याकाळची एसटी धरली असती. हे मला तेव्हा स्पष्ट कळत होतं. मी केसांतले आकडे काढले, घड्याळ काढलं, बांगड्या काढल्या आणि त्याच्या पायाशी जाऊन उभी राहिले. त्याचा अंगठा धरला. सुजेने गार पडलेला.

मशीन ठोकायला लागलं की काही ऐकू जात नव्हतं. थांबलं की मी बोलायची. मला काय येतं? भूगोल. मी किनारा सुरू केला, मुंबईहून खाली. रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन. ठोके. बाणकोट, इथे सावित्री नदी मिळते. ठोके. हर्णै. दाभोळ, वाशिष्ठीचं मुख. गुहागर, मग वेळणेश्वर. वेळणेश्वरला त्याचा पाय एकदा थरथरला. मी अंगठा घट्ट दाबला आणि तो स्थिर झाला. जयगड. गणपतीपुळे. काळबादेवी. मिऱ्या. मिऱ्यापाशी आले आणि मला पुढे बोलवेना. पण तोवर तंत्रज्ञाने काचेमागून हात वर केला होता. झालं.

बाहेर आल्यावर महीला पाणी दिलं. तो म्हणाला, "इंजिनाचा टॅपेट सैल झाल्यागत वाजत होतं." मग म्हणाला, "मिऱ्याला थांबलीस तू. मी तसाच पुढे गेलो."

दमला होता. काही तरी बोलतो.

९ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाईंच्या सरांनी चित्रं दाखवली. काळ्या-पांढऱ्या काचेवर माझ्या भावाचं हृदय. भोवती जाड काळी कड. "निरोगी माणसात ही रेघ पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक असते," सर म्हणाले. "ही बघा." सुतळीएवढी होती. पडद्यावर त्यांनी तेच हृदय हलताना दाखवलं. पसरायला जायचं आणि मध्येच अडायचं, पिंजऱ्यात पंख उघडू बघणाऱ्या पाखरासारखं. फुफ्फुसं चांगली आहेत, उजव्या बाजूला तळाशी पाणी आहे तेवढंच. आणि स्नायू? "स्नायू बिचारा धडपडतोय. त्याचा दोष दिसत नाही. ही साल काढायला हवी."

"चार वर्षांपूर्वी का नाही दिसली?" मी विचारलं.

"तेव्हा हे बघायला साधन नव्हतं, बाई. आणि अशी आवरणं एक्स-रेमध्ये दरवेळी दिसत नाहीत."

ऑपरेशनमध्ये जीव जाऊ शकतो हेही त्यांनी लपवलं नाही. दहातला एखादा वाचत नाही. आणि इतकी वर्षं आवळलेलं हृदय मोकळं झाल्यावर काही दिवस थकतं, तेव्हाही धोका.

"नाही केलं तर?"

"मग उतरणच आहे."

मी महीकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता. "कधी करणार?" त्याने विचारलं.

माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, मलाही ठाऊक नाही.

२९ मार्च, बुधवार

आज ऑपरेशन झालं. सकाळी नेला तो दुपार टळून गेल्यावर बाहेर आणला. इस्पितळाच्या बाकावर मी, भागोजी, सोनूबाई, आणि राही. राही काल एसटीने आईला घेऊन आली. कोणी बोलावलं नव्हतं. दिवसभर भिंतीला टेकून बसली, पाण्याचा घोट घेतला नाही. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "जवळजवळ सगळी निघाली," तेव्हा ती ओंजळीत तोंड घालून अशी रडली की येणारे-जाणारे थांबले. सर्जननाही वाटलं हीच बायको. त्यांनी पुढचं सगळं तिलाच सांगितलं. मी शेजारीच उभी होते.

१ एप्रिल, शनिवार

रक्तदाब उतरलाय. औषधाची बाटली चढते आहे. काचेतून बघायला मिळतं, तेवढंच. सर म्हणाले होते तसंच, हृदय थकलंय. सोनूबाईंनी जबरदस्तीने चहा पाजला. मला सारखं वाटतं, पडवीत होता तो बरा होता. आता लिहवत नाही.

५ एप्रिल, बुधवार

निभावला. म्हणजे संकट टळलं. मही आज उशीला टेकून बसला आणि म्हणाला, "भूक लागलीय." लघवी इतकी होते आहे की नर्सबाई हसतात. पोट ओसरलं. गालांची हाडं दिसतात. हा चेहरा मी विसरलेच होते. आमच्या वडिलांसारखा आहे.

२८ मे, रविवार. घर

मही मिऱ्याच्या चढावरून न थांबता वर आला. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. त्याला लागलाच नाही.

जुने शर्ट सगळे ढगळ झालेत. मी शिवण आत घेऊन देते म्हटलं, तर म्हणाला राही देणार आहे. ती शिवण चांगलं करते, खरं आहे.

रात्री जेवताना सांगितलं. भागोजींनी नाट्याला, खाली राजापूरकडच्या नाटे बंदरात, नवा ट्रॉलर घेतलाय. इंजिन तो सांभाळणार. लग्न जूनमध्ये, साधंच, आणि नंतर दोघं नाट्याला राहायला. म्हणाला, "सुट्टीत तू ये. लांब नाय."

मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारायला हवं. समुद्रावरचा गारठा, दगदग."

"विचार ना," तो म्हणाला. इतक्या शांतपणे, की मला राग आला.

३० मे, मंगळवार

विचारलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं, मानेची शीर बघितली आणि खूश झाल्या. मी म्हटलं, "पण बोटीवर जाणं बरं नव्हे ना?"

"सुरुवातीला ओझी उचलू नका. बाकी नारळी पौर्णिमेनंतर खुशाल जा."

"अगदी खुशाल?"

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. महीच्या मानेकडे बघत होत्या, तसंच. म्हणाल्या, "बाई, यासाठीच तर केलं ना आपण सगळं?"

२५ जून, रविवार

लग्न झालं. महीने शेजारून मागून आणलेली पिवळी टोपी घातली होती, वाकडी. मी सरळ केली. सोनूबाई रडल्या. मला रडायला वेळ नव्हता, पंगत वाढायची होती.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

काल बोटी पाण्यात उतरल्या. नाट्याहून भागोजींबरोबर निरोप आला, मही पहिल्या फेरीला गेला. बरा आहे.

आज दूध नासलं. सवयीने जास्त घेतलं जातं.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

आठवडाभर सकाळी उठलं की छातीत डाव्या बाजूला दुखतं. टोचत नाही, दडपल्यासारखं वाटतं. आमच्या घरातच ते असणार, महीचं तसं, माझं असं. आज शाळेतून सरळ दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी कार्डिओग्राम काढला, छाती ऐकली, मान बघितली, जिना चढायला लावून पुन्हा ऐकली. म्हणाल्या, "तुमचं हृदय ठणठणीत आहे, बाई. माझ्यापेक्षा चांगलं."

मी म्हटलं, "त्या मशीनमध्ये बघावं का एकदा?"

"त्यात काही दिसणार नाही." मग विचारलं, "घरी कोण असतं आता?"

त्याचा इथे काय संबंध? मी म्हटलं, कोणी नाही, आणि निघाले.

बातमी चांगली होती. कोणाला तरी सांगावीशी वाटली. घराचं कुलूप काढलं, चपला न काढताच परत लावलं आणि मागच्या अंगाने सोनूबाईंकडे गेले. भागोजी नाट्याला, त्या एकट्याच पाटावर बसून मासळी साफ करत होत्या. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांच्या स्वयंपाकघरात कधी बसले नव्हते.

सांगितलं सगळं. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, म्हणाल्या, "माझं पण दुखतं हो सकाळचं. हितंच. राही गेल्यापासून. कोणाला बोलले नाय. तुमी आता जेवूनच जा."

जेवले. सार चांगलं झालं होतं.

पण त्यांचं दुखणं मला बरं वाटत नाही. या वयात छातीची हयगय करून चालत नाही, आणि बघणारं घरात कोणी नाही. सोमवारी मी स्वतः त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जाणार आहे. तोवर त्यांना म्हटलं, पाणी मीच भरून देते.